विमानाला दोर कुठाय?

"ते सगळं ठीक आहे गं, पण ह्याला दोर कुठाय?"

मिस्त्रींनी हे विचारलं तेव्हा ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातली मुलगी त्यांना कॉम्प्युटरवर विमानाचं आतलं चित्र दाखवत होती. खिडकी कुठे, पाय लांब करायला जागा कुठे, खाणं कधी देतात, सगळं गोड आवाजात सांगून झालं होतं. तिचा हात माऊसवरच थांबला.

"दोर?"

"दोर. म्हणजे हे वर कशाला टांगलेलं असतं?"

"काका, टांगलेलं नसतं. ते उडतं."

"तेच म्हणतोय मी," मिस्त्री म्हणाले आणि खटला जिंकल्याच्या थाटात खुर्चीला टेकले.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. पलीकडे बसलेली लेक ओढणी तोंडाशी धरून हसत होती. आईबाबांना परदेशात सुट्टीला पाठवायचं तिनेच ठरवलं होतं, तिनेच त्यांना इथे आणून बसवलं होतं, आणि आता घोडं कुठे अडलं, तर दोरावर!

आता मिस्त्रींची बाजूही ऐकून घ्यायला हवी. माणसाने उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत घालवला होता. काळोख्या बोगद्यात उतरायचं, ग्रीसने माखलेल्या दोरावर बॅटरी मारायची, ब्रेक तपासायचा, बाहेर यायचं आणि दारावर तळहाताने दोन थापा मारायच्या. थाप, थाप. म्हणजे काम झालं, आता खुशाल बसा. नवशिके असताना त्यांच्या उस्तादाने एकच धडा दिला होता, तोही कान पिळून: डोळ्यांनी दोर बघितल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. मिस्त्रींनी तो असा काही पाळला, की अनोळखी इमारतीत ते जिन्यानेच जायचे. जावयाच्या साहेबांकडे एकदा जेवायला बोलावलं होतं, अकराव्या मजल्यावर. मिस्त्री पोचले तोवर बाकीच्यांची जेवणं होऊन गोड वाढायला घेतलं होतं. रिटायर होऊन वर्ष होत आलं तरी थापा काही सुटल्या नव्हत्या. दुसरं काही हाताशी नाही म्हणून ते आता फ्रिजचं दार लावलं की फ्रिजला थापा मारायचे. जित्याची खोड, दुसरं काय!

"विमान नको असेल तर दुसरे मार्ग आहेत," ट्रॅव्हल्सवाली म्हणाली. पोरगी हार मानणारी नव्हती. "थेट बस आहे. सीमेपलीकडे बंदरापर्यंत जाते, दीड दिवस. तिथून बोट."

"दीड दिवस बस?" बायको म्हणाली. "बाई, मला बसचा नुसता हॉर्न ऐकला तरी मळमळतं."

"मग स्वतःची गाडी. ती बोटीवर चढवता येते."

"आमच्याकडे सायकल आहे," लेक म्हणाली.

"मग मोठं प्रवासी जहाज, सगळीकडे फिरत फिरत जाणारं. पण ते ह्या महिन्यात नाही. राहता राहिलं हे: रात्रीची रेल्वे, मग घाटातून दिवसभर बस, मग बंदरातून नेहमीचं जहाज, ते एक रात्र आणि एक दिवस घेतं. आणि विमानाने," तिने जरा दमाने सांगितलं, "विमानाने दोन तास."

"रेल्वेचं बरं आहे," मिस्त्री लगेच म्हणाले. "रूळ दिसतात डोळ्यांना."

"आणि पुढची बस?" बायकोने विचारलं.

"बसला रस्ता असतो."

"आणि जहाज?"

मिस्त्री जरा थांबले. "जहाज... तरंगतं. लाकूड पाण्यावर तरंगतं हे मी स्वतः पाहिलेलं आहे."

"लोखंडाचं असतं ते!" लेक म्हणाली.

बायकोने मांडीवरच्या पिशवीतून चष्म्याची डबी काढली, चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि कॉम्प्युटरवरचं विमान नीट बघितलं. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ही खिडकीची ना? हे एक तिकीट काढ माझं."

"आणि काकांचं?"

"त्यांनाच विचार. ते स्वतःला कशाला टांगून घेणार आहेत ते."

ऑफिसात सगळे हसले. मिस्त्रीही हसले, म्हणजे त्यांनी तसं तोंड केलं. बायको मात्र हसत नव्हती. एवढ्या वर्षांत मिस्त्रींना एक गोष्ट कळली होती: ही ओरडत असते तोवर काळजी नाही, पण हिचा आवाज खाली आला की समजायचं, निकाल लागला.

घरी आल्यावर त्यांनी बोलून बघितलंच. "अगं, एकटी जाणार तू? परदेशात?"

बायको शिवणयंत्राशी बसली होती. शाळांचे गणवेश शिवून देणं हे तिचं काम, आणि शेजारी तिचा बटणांचा पत्र्याचा डबा. कधीकाळी त्यात बिस्किटं आली होती. बिस्किटं दोन दिवसांत संपली, डबा राहिला, आणि डब्याच्या झाकणावरचं चित्र राहिलं: निळं पाणी, उतारावर चढत गेलेली पांढरी घरं, आणि एक धक्का. आता जायचं होतं ते हेच बेट. झाकणाचे कोपरे गंजले, घरांचे रंग उडाले, पण जेव्हा जेव्हा बटण लागायचं तेव्हा तेव्हा ते बेट तिच्या हाताखालून जायचं.

"पहिल्यांदा आपण डोंगरावर जाणार होतो," ती दोरा ओवत म्हणाली. "लेक तेव्हा कडेवर होती. बॅगा दारात होत्या. आठवतं?"

मिस्त्रींना आठवत होतं. दवाखान्याची लिफ्ट बंद पडली होती आणि आत खाटेवर पेशंट अडकला होता.

"दुसऱ्यांदा माझ्या बहिणीकडे, समुद्रावर. स्टेशनवरून परत फिरलो."

त्या वेळी बँकेच्या इमारतीत सहा जण अडकले होते.

"तिसऱ्यांदा तर मी बॅगच भरली नाही. म्हटलं, बघू, खरंच निघतो का. निघालो नाहीच."

"आता मी काय मुद्दाम केलं का? सुट्टी आली की लिफ्टला ताप भरतो. लोक वर-खाली जास्त करतात."

"मी कुठे म्हणते मुद्दाम केलं? लोकांना तुम्ही बाहेर काढलंत, चांगलंच केलंत." तिने दोरा दाताने तोडला. "पण आता तुम्हाला कोणी बोलवायला येत नाही. आता आडवं आलंय ते तुमचंच डोकं. त्याच्यासाठी मी थांबणार नाही. गुडघे माझे आहेत, ते अजून चालतायत तोवर मी जाणार. तुम्ही आलात तर मला हवंच आहे. नाही आलात तर मी तुमच्या वाटचं पण बघून येईन."

मिस्त्री फ्रिजपाशी गेले, पाणी प्यायले, दार लावलं आणि थापा न मारताच परत आले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच ट्रॅव्हल्सवालीकडे गेले आणि रेल्वे, बस, जहाज अशी तिन्ही तिकिटं काढून आले. जाताना आणि येतानाही. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच! बायको विमानाने ज्या दिवशी दुपारी पोचणार, त्याच दिवशी संध्याकाळी ते जहाजाने पोचणार होते. त्यासाठी निघायचं होतं तिच्या दोन दिवस आधी. बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरच्या दळणवाल्याने तर जिन्यात गाठलंच.

"काय मिस्त्री, भांडण झालंय म्हणे! एकाच गावाला निघालाय आणि वेगवेगळ्या दिवशी?"

"भांडण कसलं? ती वरून येतेय, मी खालून जातोय. लिफ्ट आणि तिच्या दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन असंच चालतं. एक वर, एक खाली."

"पण ते मध्ये भेटतात आणि निघून जातात हो!" दळणवाला म्हणाला. मिस्त्रींना हे बोलणं अजिबात आवडलं नाही.

रेल्वे बरी गेली. बसने घाटात जीव नकोसा केला, कारण ड्रायव्हर एका हाताने सफरचंद खात होता आणि ते खाऊन झाल्यावर त्याने दुसरं काढलं. पण बंदरात आल्यावर मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. जहाज धक्क्याला लागलेलं होतं आणि त्याला दोर होते! एक नाही, दोन नाही, पुढून, मागून, मधून, मनगटाएवढे जाड दोर, लोखंडी खुंट्यांना वेढे घालून ताणून बांधलेले. मिस्त्री एकेका दोराजवळ गेले. पीळ बघितला. तंतू तुटलेत का ते बोटाने चाचपलं. अशी चोख बांधणी त्यांनी फार दिवसांत पाहिली नव्हती. ते समाधानाने वर चढले, डेकवर बाकावर बसले आणि मनात म्हणाले, उगाच नाही मी ह्या बाजूने आलो.

भोंगा वाजला. खाली धक्क्यावर दोन खलाशी चालत आले आणि त्यांनी एक दोर सोडला. मिस्त्री बघत होते. त्यांनी दुसरा सोडला. मग तिसरा.

"अहो!" मिस्त्री कठड्यावरून ओरडले. "अहो, सोडताय काय? निघालंय ते!"

खलाशाला ह्यांची भाषा कळायचं काही कारण नव्हतं. त्याने हात हलवून निरोप दिला. शेवटचा दोर पाण्यात पडला, वर ओढला गेला, आणि जहाज काळ्या पाण्यावर मोकळं झालं. घ्या! माणूस सापापासून पळाला आणि विहिरीत पडला, त्यातली गत. पुढची अख्खी रात्र मिस्त्री आडवे होते. पोटात काही राहिलं नव्हतं. आणि वारा उलटा लागल्यामुळे जहाज संध्याकाळी पोचायचं ते रात्रभर बाहेरच रखडलं आणि दुसऱ्या सकाळी बेटाला लागलं.

धक्क्यावर बायको उभी होती. डोक्यावर गवताची हॅट, पायात नव्या चपला, आणि चेहरा असा उतरलेला, की मिस्त्रींना आधी ओळखूच आली नाही.

"आलात एकदाचे," ती म्हणाली. "वरातीमागून घोडं!" आणि मग तिने त्यांचा दंड असा घट्ट धरला, की त्यांना दुखलं. "काल संध्याकाळपासून उभी होते इथे. फोन लागेना. तो तिकीटखिडकीतला माणूस नुसता वाऱ्याच्या खुणा करून हात हलवत होता. माझ्या मनात काय काय आलं माहितीये तुम्हाला?"

"काय आलं?"

"काही नाही. चला, चहा घेऊ. रंग बघा तोंडाचा, पिवळा पडलाय नुसता."

धक्क्यासमोर उतारावर छोटंसं चहाचं दुकान होतं. बाहेर मांडलेल्या खुर्च्यांत दोघं बसली. समोर झाकणावरचं चित्र जसंच्या तसं होतं, फक्त गंजलेलं नव्हतं. बायकोने मिस्त्रींच्या कपात दोन चमचे साखर घातली आणि विमानाची हकीकत सुरू केली. पोटात कसा खड्डा पडला, कानात कसे दडे बसले, ट्रेमध्ये काय काय इवलं इवलं ठेवलेलं होतं, आणि ढग! ढग खाली असतात हो! आपण वर आणि ढग खाली, पिंजलेल्या कापसाच्या गादीसारखे, आणि वर ऊन. हे सांगताना तिचे हात असे चालले होते, की शेजारच्या टेबलावरच्या बाईने आपला कप जरा लांब सरकवला. मिस्त्रींना फार बरं वाटत होतं. पोटाची आगही विसरायला झाली होती.

"आणि मग ढग फाटले," ती म्हणाली, "आणि खाली हे आलं. हे बेट. अख्खं, एका नजरेत. बटणाच्या डब्यावरचं. मी म्हटलं, 'अहो, बघा!' मोठ्याने म्हटलं."

ती थांबली.

"मग?"

"मग काय? शेजारी एक गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते. ते दचकून जागे झाले. म्हणाले, 'काय?' मी म्हटलं, काही नाही." तिने कप उचलला. "तुम्ही नाही हे विसरलेच होते मी. सवयीने बोलून गेले."

एवढं बोलून ती हसली आणि टोस्टला लोणी लावायला लागली. तिच्यासाठी हकीकत तिथे संपली होती. मिस्त्री मात्र कप हातात धरून बसून राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी किती माणसं बंद दारातून बाहेर काढली असतील, त्याची मोजदाद नव्हती. बाहेर आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा कोणाला तरी शोधायचा. नवरा, आई, नाहीतर नुसतीच ओळखीची कोणी शेजारीण. समोर आपलं माणूस दिसलं की मगच त्याला रडू यायचं किंवा हसू यायचं, त्याआधी नाही. हे मिस्त्रींनी हजारदा बघितलं होतं. आणि त्यांची स्वतःची बायको आभाळातून वळून बघते, तर शेजारी परका माणूस घोरतोय. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती कुठे लपवावी तेही कळेना. म्हणून ते म्हणाले, "लोणी मला पण दे."

बेटावरचे दिवस मजेत गेले. दोघं उन्हात हिंडली, दमली, बाकांवर बसली. बायकोने समुद्रात घोट्यापर्यंत पाय घातले आणि मग गुडघ्यापर्यंत, आणि शेवटी एक लाट आली ती तिला बसवूनच गेली. ती पाण्यात बसून इतकी हसली, की मिस्त्रींना तिला उठवताच येईना, कारण तेही हसत होते. भाषेवाचून कुठे काही अडलं नाही. बायको आपल्याच भाषेत खुशाल भाव करायची आणि दुकानदार त्याच्या भाषेत भांडायचा, आणि दोघांना सगळं कळायचं.

लॉज तीन मजल्यांचा होता आणि त्याला एक लिफ्ट होती. जुनी, जाळीच्या दाराची, दोन माणसं मावतील न मावतील अशी. तिचे दोर जाळीतून उघडे दिसायचे. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी ते बघून घेतले, मान डोलावली आणि बायकोला आत घेतलं. परतीच्या आदल्या दिवशी दुपारी मात्र दोघं फिरून आली तर लिफ्ट बंद. दारात खुर्ची आडवी लावलेली, लॉजची मालकीण कपाळाला हात लावून उभी. उद्या माणूस येईल, असं तिने खुणांनी सांगितलं.

मिस्त्रींनी कान दिला. वर मोटर गुणगुणत होती, पण ब्रेक सुटत नव्हता. दहा मिनिटांचं काम. फार तर पंधरा. त्यांचे हात आपोआप बाह्या वर करायला लागले.

बायको बघत होती. तिने फक्त हातातली शहाळ्याएवढ्या टरबुजाची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि गुडघ्यावर हात ठेवून जिन्याची पहिली पायरी चढली.

मिस्त्रींनी बाह्या खाली केल्या. आत कोणी अडकलेलं नव्हतं ना? नव्हतं. मग येऊ दे उद्या त्यांचा माणूस, त्याचंही पोट आहे. त्यांनी बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि दुसरा हात तिला दिला.

"काय हो, सोडलीत?" दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबल्यावर तिने विचारलं.

"सुट्टीवर आहे मी," मिस्त्री म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांना जिन्याचा कठडा बघावासा वाटला. खोलीत पोचल्यावर ती आडवी झाली आणि मिस्त्री फोन घेऊन गॅलरीत गेले. त्यांनी लेकीला फोन लावला आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. लेक पलीकडून अशी किंचाळली, की त्यांना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"हळू, हळू! आई झोपलीये. शेजारचीच मिळते का बघ. दुसरीकडची नको. शेजारचीच."

संध्याकाळी बायको उठली, तोंड धुतलं आणि पाहते तर मिस्त्री गॅलरीत निवांत टरबूज खात बसलेले.

"अहो, हे काय? जहाजाची वेळ झाली की! बॅग कुठाय तुमची? मीच भरायची का?"

"जाऊ दे ते जहाज."

"जाऊ दे म्हणजे?"

"त्याचा काही भरवसा नाही. ऐन निघायच्या वेळी दोर सोडतात ते." त्यांनी एक बी गॅलरीबाहेर टाकली. "मी उद्या तुझ्याबरोबर येतोय. लेकीने शेजारची सीट काढलीये."

बायको खाटेवर बसली. मग म्हणाली, "टरबूज सगळं संपवलंत की काय?"

खाली बंदरात भोंगा वाजला. जहाज मिस्त्रींना न घेता निघालं.

सकाळी विमानतळावर मिस्त्रींना भीती वाटत होती, हे कबूल केलंच पाहिजे. बायकोने दोनदा सांगितलं, "नको असेल तर अजून फिरा मागे. परवाचं जहाज आहे. मी रागावणार नाही." आणि तिने हे मनापासून सांगितलं होतं. मिस्त्री नुसतेच 'हं' म्हणाले आणि मोठ्या काचेपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर विमान उभं होतं, पांढरं, लठ्ठ, आणि कशालाही न टांगलेलं. त्यांनी वर बघितलं. आभाळाला कुठे हूक नव्हता.

तेवढ्यात विमानाच्या पोटाखालून एक माणूस बाहेर आला. पिवळं जाकीट, कानांवर जाड टोप्या, हातात बॅटरी. भर उजेडात बॅटरी! मिस्त्री काचेला नाक लावून बघायला लागले. त्या माणसाला घाई नव्हती. त्याने चाकाशी वाकून बघितलं. पंखाखाली मान वाकडी करून बघितलं. एका जागी बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, पुसलं, परत फिरवलं. मिस्त्रींच्या तोंडून नकळत निघालं, "बरोबर. वास घ्यायचा. तेल असलं तर कळतं." अख्ख्या विमानाला चक्कर मारून तो माणूस नाकाडापाशी आला, थांबला, आणि त्याने तळहाताने विमानाला दोन थापा मारल्या.

मिस्त्रींचा हात उचलला गेला आणि काचेवर पडला. थाप, थाप.

"काय झालं?" बायको मागून म्हणाली.

"काही नाही. तपासलंय त्यांनी," मिस्त्री म्हणाले. "चल."

आता कोणी म्हणेल, मग त्यांची भीती गेली. छे! भीती कसली जाते? आत बसल्यावर पट्टा त्यांना जमेना, तो बायकोनेच लावून दिला. ती खिडकीशी, ते मधल्या सीटवर. विमान धावायला लागलं तसे त्यांनी डोळे गच्च मिटले. पोटात खड्डा पडला. कानात दडे बसले. सगळं बायकोने सांगितलं होतं तसंच होत होतं, आणि त्यांनी तिचा हात असा धरला होता, की धक्क्यावरच्या दुखऱ्या दंडाची परतफेड झाली असावी.

मग हळूहळू आवाज एकसारखा झाला. विमान स्थिर झालं. पापण्यांवर ऊन आलं, लालसर. मिस्त्री वाट बघत राहिले. पण शेजारून काही आवाज येईना. ती खिडकीतून बघत असणार, हे त्यांना तिच्या श्वासावरून कळत होतं. बघत होती आणि गप्प होती. घाबरलेल्या माणसाला कशाला बोलवायचं, म्हणून गप्प होती. किती तरी वर्षं ती अशीच गप्प राहिली असेल, बॅगा दारात ठेवून.

"अगं," ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले.

"काय हो? पाणी देऊ?"

"पाणी नको. म्हण की."

"काय म्हणू?"

"ते येताना म्हणालीस ते. त्या झोपलेल्या माणसाला."

बायकोने आपला हात त्यांच्या मुठीतून सोडवून घेतला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "बघा."

मिस्त्रींनी डोळे उघडले. खाली ढग होते, पिंजलेले, आणि त्यांच्यामधल्या निळ्या फटीत काल संध्याकाळी निघालेलं जहाज अजून चाललेलं होतं, शर्टाच्या बटणाएवढं.